फोनला न सापडलेली तारीख

पुण्यात कॉलेजला असताना आमच्या वर्गात एक इराणी मुलगा होता. २०२५च्या मार्चमध्ये त्याचा तेहरानहून मेसेज आला: मुलगी झाली, दोघी ठणठणीत, जन्मतारीख ३० इस्फंद १४०३. दरवर्षी आठवण राहावी म्हणून मी ती तारीख फोनमधल्या एका ॲपमध्ये टाकली. ॲपने लाल अक्षरांत बजावलं, ‘अशी तारीख अस्तित्वात नाही.’ दुसऱ्या ॲपने मात्र निमूटपणे २० मार्च २०२५ असं उत्तर दिलं.

बाळाचा फोटो तर समोर होता, मग तारीख नाही कशी?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे प्रकरण सुटेना. वरवर बघता दहा ओळींचा हिशेब वाटतो. इराणची तारीख घ्या, बेरीज-वजाबाकी करा, आपली तारीख काढा. पण या हिशेबात एक जागा अशी आहे, जिथे गणित थांबतं आणि आकाशाकडे बघावं लागतं. ती जागा ज्या प्रोग्रामने चुकवली, त्याने एका बाळाचा वाढदिवसच नाकारला.

इराणचं वर्ष चालतं कसं

इराणमध्ये सरकारी कामकाज, बँका, शाळा, जन्मदाखले, सगळं ज्या दिनदर्शिकेवर चालतं तिला सौर हिजरी म्हणतात. ‘हिजरी’ म्हणजे पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या प्रस्थानापासून, इ.स. ६२२पासून मोजलेली. ‘सौर’ म्हणजे सूर्यावर चालणारी. हा दुसरा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मोहरम आणि ईद ज्या हिजरी सनाप्रमाणे येतात तो चांद्र; त्याचं वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं आणि ते भराभर पुढे सरकतं. दोन्हींची सुरुवात एकाच घटनेपासून, तरी आज चांद्र हिजरी सन सौर सनाच्या चाळीसहून जास्त वर्षं पुढे गेला आहे. इराणमधला कुणी ‘१४०४’ म्हणाला आणि तुम्ही चांद्र सनाचं कोष्टक उघडलंत, तर उत्तर १९८०च्या दशकातलं येईल.

वर्षाचे महिने बारा: फरवरदीन, उर्दीबहिश्त, खुरदाद, तीर, मुरदाद, शहरीवर, मेहर, आबान, आजर, दै, बहमन आणि इस्फंद. पहिले सहा ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३०चे. शेवटचा इस्फंद एरवी २९ दिवसांचा आणि लीप वर्षात ३०चा.

पहिले सहाच मोठे का? पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पूर्ण गोल नाही. जुलैच्या सुमारास ती सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि संथ चालते. त्यामुळे वसंत संपातापासून शरद संपातापर्यंतचा काळ साधारण १८६ दिवसांचा होतो, आणि परतीचा सुमारे १७९ दिवसांचा. सहा गुणिले ३१ किती होतात ते पाहा. (वसंत संपात म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो क्षण. हा शब्द पुढे बऱ्याचदा येणार आहे.)

ही रचना ओळखीची वाटली तर नवल नाही. २२ मार्च १९५७पासून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेतही वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे आहेत, त्याच कारणासाठी. मेघनाद साहांच्या समितीने ती आखली. सरकारी राजपत्रावर ती छापली जाते, आपण कुणी वापरत नाही. इराणी माणूस मात्र त्याची दिनदर्शिका रोज जगतो. १९२५ साली तिथल्या संसदेने कायदा करून ती लागू केली आणि तेव्हापासून महिन्यांचे हे दिवस ठरलेले आहेत.

मग ६२१ मिळवले की झालं ना?

अंदाजापुरतं झालं. फरवरदीनच्या पहिल्या तारखेपासून ३१ डिसेंबरपर्यंत ६२१ मिळवा, १ जानेवारीपासून इस्फंद संपेपर्यंत ६२२. बातमी वाचताना एवढं पुरतं.

दिवसासकट तारीख हवी असेल तर मधे एक दुभाषी लागतो. गुंठ्यांचे चौरस मीटर करताना आपण आधी चौरस फुटांत येतो, तसंच. दिनदर्शिकांच्या जगातला तो चौरस फूट म्हणजे नुसती दिवसांची सलग मोजणी. महिना नाही, वर्ष नाही, फक्त ‘अमुक दिवसापासून हा कितवा दिवस’. पाश्चात्त्य खगोलशास्त्रात याला ज्युलियन दिनांक म्हणतात; त्याची सुरुवात इ.स.पूर्व ४७१३मध्ये धरलेली आहे. आपल्या पंचांगकर्त्यांना ही युक्ती नवी नाही, ते तिला अहर्गण म्हणत आले. ग्रह कुठे आहे ते काढायचं तर आधी अहर्गण काढा, हा पहिला धडा.

प्रोग्राम हेच करतो. इराणी तारखेचा अहर्गण काढायचा आणि त्या अहर्गणाची इंग्रजी तारीख काढायची. अशाने दहा दिनदर्शिका असल्या तरी प्रत्येकीसाठी दोनच सूत्रं लिहावी लागतात: अहर्गणाकडे जाणारं आणि तिकडून येणारं.

एक उदाहरण कागदावर करून बघू. इराणच्या क्रांतीचा दिवस त्यांच्याकडे २२ बहमन १३५७ असा ओळखला जातो. बहमन अकरावा महिना. पहिल्या सहा महिन्यांचे १८६ दिवस, मधल्या मेहर, आबान, आजर आणि दै या चार महिन्यांचे १२०, आणि २२. बेरीज ३२८. म्हणजे वर्षाचा ३२८वा दिवस. त्या वर्षीचा १ फरवरदीन २१ मार्च १९७८ला होता. २१ मार्चपासून डिसेंबरअखेर २८६ दिवस येतात. ३२८ वजा २८६, उरले ४२. जानेवारीचे ३१ गेले, राहिले ११. उत्तर ११ फेब्रुवारी १९७९, आणि इतिहासाच्या पुस्तकातही हीच तारीख आहे.

या सोप्या हिशेबात मी एक गोष्ट हळूच गृहीत धरली: ‘त्या वर्षीचा १ फरवरदीन २१ मार्चला होता’. हे मला कुणी सांगितलं? सगळी गोची त्या एका वाक्यात आहे.

एकतीस मिनिटांनी हललेलं वर्ष

आपल्या रोजच्या इंग्रजी दिनदर्शिकेत लीप वर्ष ठरवायला आकाशाकडे बघावं लागत नाही. चारने भाग जातो का? शतकाचं वर्ष असेल तर चारशेने जातो का? झालं. शाळकरी पोरालाही जमतं. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने हाच नियम उसना घेतला, त्यामुळे १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ला, असा दोन ओळींत निकाल लागतो.

इराणने असं केलं नाही. तिथला नियम असा: वसंत संपात तेहरानच्या प्रमाणवेळेनुसार दुपारी बाराच्या आधी झाला, तर तोच दिवस १ फरवरदीन, म्हणजे नवरोज. बारानंतर झाला, तर दुसरा दिवस. दोन नवरोजांमध्ये ३६६ दिवस पडले की ते वर्ष आपोआप लीप. लीपचा वेगळा नियमच नाही. आधी नवरोज ठरतो, मग इस्फंदला तिसावा दिवस मिळतो की नाही ते कळतं.

आता मित्राच्या मुलीकडे येऊ. २०२४ साली संपात २० मार्चला तेहरानच्या पहाटे साडेसहाच्या सुमारास झाला. बाराच्या आधी, म्हणून १४०३ साल २० मार्चला सुरू झालं. २०२५ सालीही संपात २० मार्चलाच झाला, पण दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी. आपल्या घड्याळात तेव्हा २ वाजून ३१ मिनिटं झाली होती. बारा उलटून गेले होते, म्हणून १४०४ साल २१ मार्चला सुरू झालं. २० मार्चचा अख्खा दिवस जुन्या वर्षाच्या पदरात पडला, आणि त्याचं नाव ३० इस्फंद १४०३.

अर्ध्या तासाने तारीख हलते, तेव्हा कुणाचा मध्यान्ह धरायचा हा प्रश्नही ऐरणीवर येतो. कायद्याला तेहरानची प्रमाणवेळ अपेक्षित आहे, ग्रीनिचपेक्षा साडेतीन तास पुढची. एखाद्या प्रोग्रामरने सवयीने ग्रीनिचची वेळ धरली तर? २०२५चा संपात ग्रीनिचच्या सकाळी नऊच्या ठोक्याला पडला. बाराच्या आधी! त्याचा नवरोज एक दिवस आधी येणार.

मग सूत्र कुणी बनवलंच नाही का?

बनवलं, आणि चांगली चांगली डोकी त्यात गुंतली. सेल्जुक सुलतान मलिकशाहाने अकराव्या शतकात इस्फहानला खगोलतज्ज्ञ जमवले, त्यांत उमर खय्याम होता. जगाला तो रुबायांमुळे माहीत आहे; त्याचा पगार गणित आणि आकाशनिरीक्षणाचा होता. १०७९ साली त्यांनी नवरोज वसंत संपाताला बांधला. सुलतानाच्या जलालुद्दीन या किताबावरून त्या पद्धतीला जलाली म्हणतात, आणि तारखा बदलणाऱ्या कित्येक प्रोग्रामांच्या नावात आजही ‘जलाली’ असतं.

सूत्र शोधणाऱ्यांना लवकरच दिसलं की लीप वर्षं बहुधा चार-चार वर्षांनी येतात आणि अधूनमधून पाच वर्षांची उडी पडते. ३३ वर्षांत आठ लीप वर्षं, हा मेळ छान बसतो. ३३ने भागून बाकी १, ५, ९, १३, १७, २२, २६ किंवा ३० उरली तर लीप. १४०३ला ३३ने भागा, बाकी १७. बरोबर! आपल्या काळातल्या तारखांना हे सूत्र पुरून उरतं. अतिशय स्वस्त आणि मस्त काम.

मग कुणाला तरी याहून नेमकं काहीतरी हवं झालं. इराणी गणितज्ञ अहमद बीरश्क यांच्या नावाने ओळखलं जाणारं २८२० वर्षांचं एक भलंमोठं चक्र आहे, त्यात ६८३ लीप वर्षं. सरासरी वर्ष निघतं ३६५.२४२२ दिवसांचं. शाळेच्या पुस्तकातल्या सौरवर्षाशी हा आकडा अगदी तंतोतंत जुळतो, त्यामुळे कित्येक प्रोग्रामरांनी ते डोळे मिटून उचललं.

चूक त्या तंतोतंतपणातच आहे. ३६५.२४२२ ही सगळ्या ऋतूंची मिळून काढलेली सरासरी. एका वसंत संपातापासून पुढच्या वसंत संपातापर्यंतचा काळ सध्या सरासरी ३६५.२४२४ दिवसांचा आहे, कारण पृथ्वीची वाट लंबगोल आहे आणि तिचा वेग सगळीकडे सारखा नाही. नवरोज बांधलेला आहे तो वसंत संपाताला. ३३ वर्षांच्या साध्या चक्राची सरासरी ३६५.२४२४ येते. म्हणजे गावठी वाटणारं सूत्र बरोबर आणि भारदस्त सूत्र बारीकसं चुकीचं.

ही बारीक चूक वर्षानुवर्षं कुणाला टोचली नाही. टोचली ती १४०४ उजाडताना. बीरश्क चक्राच्या हिशेबाने १४०३ साधं आणि १४०४ लीप. त्यामुळे त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामात १४०४ साल एक दिवस लवकर सुरू होतं, वर्षभर प्रत्येक तारीख एकाने चुकते आणि वर्ष संपलं की गाडी पुन्हा रुळावर येते. माझ्या पहिल्या ॲपच्या पोटात बहुतेक हेच सूत्र असावं. त्याच्या दृष्टीने १४०३चा इस्फंद २९लाच संपला होता.

तिसरा मार्ग तक्त्यांचा. पोलिश खगोलशास्त्रज्ञ काझिमिएश बोर्कोव्स्की यांनी १९९६मध्ये सुमारे तीन हजार वर्षांचे संपात गणिताने काढून चक्रं कुठे मोडतात ते नोंदवलं. जावास्क्रिप्टमधला एक लोकप्रिय मोफत प्रोग्राम त्याच कामावर उभा आहे. चौथा मार्ग सरळ संपात गणिताने काढण्याचा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या त्यांच्या साधनसंचाने, ४.६ या आवृत्तीपासून खगोलीय पद्धत धरली. मला विचाराल तर रोजच्या कामाला ३३चं चक्र, आणि शेकडो वर्षांपलीकडे जायचं असेल तर तक्ता. फार दूरच्या भविष्याबद्दल मात्र कुणीच छातीठोकपणे बोलू नये. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं किंचित अनियमित आहे, आणि हजार वर्षांनंतरचा एखादा संपात मध्यान्हाच्या अलीकडे पडेल की पलीकडे, हे आज मिनिटाच्या हिशेबात सांगता येत नाही.

एका दिवसाने असं काय बिघडतं?

बँकेत विचारा. कराराची मुदत, विम्याचा शेवटचा दिवस, पासपोर्टवरची जन्मतारीख. जन्मदाखल्याच्या भाषांतरात एक तारीख आणि व्हिसाच्या अर्जात दुसरी असली की खिडकीपलीकडचा माणूस ‘सूत्र वेगळं होतं’ हे ऐकून घेत नाही.

आणि दिवस चुकायला लीप वर्षच लागतं असंही नाही. २०२२पर्यंत इराणमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत. हा बदल नवरोजच्या दिवशी रात्री बारा वाजता व्हायचा: १ फरवरदीन संपला की काटा थेट एकवर. म्हणजे २ फरवरदीनला मध्यरात्रीचे बारा वाजलेच नाहीत! संगणकात मात्र नुसती तारीख साठवायची तर बहुतेक जण ‘त्या दिवशीचे रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं’ अशीच साठवतात. ती वेळच नसल्यामुळे काही प्रोग्राम आदल्या रात्रीच्या अकरावर घसरायचे आणि तारीख व्हायची १ फरवरदीन. शिवाय तो दिवस २३ तासांचा. तासांना २४ने भागून दिवस मोजणाऱ्याचा एक दिवस तिथे गळायचा. म्हणूनच तारखेचा हिशेब अहर्गणात करावा, तासा-सेकंदांत करू नये.

आकड्यांचीही एक भानगड आहे. फारसी अंक आणि अरबी अंक दिसायला जवळपास सारखे. चार, पाच, सहा तेवढे वेगळे. संगणकासाठी मात्र दहाच्या दहा अंक निराळी चिन्हं आहेत. एकाच रकान्यात दोन्ही आले की शोधलेली तारीख सापडत नाही.

जुने कागद काढलेत तर

तिथे प्रोग्रामपेक्षा माणसाने सावध असावं. १९७६ साली शाहाने हिजरी सन बाजूला सारून प्राचीन इराणचा सम्राट कुरूश, म्हणजे सायरस, याच्यापासून वर्षं मोजायचं फर्मान काढलं. एका रात्रीत १३५५चं २५३५ झालं. १९७८मध्ये, गादी डळमळू लागल्यावर, ते मागे घेतलं गेलं. त्या काळात जन्मलेल्यांच्या दाखल्यांवर २५३६ असं साल आढळतं. बिचारा प्रोग्राम त्यात ६२१ मिळवून माणसाचा जन्म इ.स. ३१५७मध्ये नेऊन ठेवतो. इथे आधी ११८० वजा करायचे: २५३६ म्हणजे १३५६.

आणि घोळ नेहमी इराणच्याच बाजूला असतो असं नाही. जलाली पद्धत सुरू झाल्याची तारीख कुठे १५ मार्च १०७९ दिसेल, कुठे २१ मार्च. दोन्ही बरोबर आहेत. पहिली जुन्या ज्युलियन पद्धतीची, दुसरी आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मागे मोजत नेलेली. आपल्याला हा पेच राज्याभिषेकामुळे ठाऊक असायला हवा. ६ जून १६७४ ही ज्युलियन तारीख. तेव्हा मुंबईचे इंग्रज तीच पद्धत वापरत. गोव्याच्या पोर्तुगीजांकडे ग्रेगोरियन सुरू झालं होतं, त्यांच्या वहीत तो दिवस १६ जून.

मुंबईतला फरवर्दीन

तारीख, साल, सन हे आपले रोजचे शब्द फारसीच्या वाटेने आले. सरकारी कागदावर अजून ‘माहे एप्रिल’ असं येतं, त्यातला माहही तिकडचाच. पण महिन्यांच्या नावांवरून फसू नका. मुंबईच्या पारशांच्या दिनदर्शिकेतही फरवर्दीन आहे, खोरदाद आहे, बहमन आहे. त्यांचं शहेनशाही वर्ष मात्र सलग ३६५ दिवसांचं, लीपशिवाय, म्हणून ते सरकत सरकत ऑगस्टमध्ये आलं. पतेतीनंतरचा नवरोज ऑगस्टमध्ये, जमशेदी नवरोज २१ मार्चला. इराणच्या तारखांसाठी लिहिलेला प्रोग्राम पारशी रोज-माह, म्हणजे दिवस आणि महिना, काढायला वापरलात तर महिनेच्या महिने चुकतील.

आपलं ॲप तपासायचं कसं

चार तारखा टाकून बघा. २२ बहमन १३५७चं उत्तर ११ फेब्रुवारी १९७९ यायला हवं. ३० इस्फंद १४०३चं २० मार्च २०२५. १ फरवरदीन १४०४चं २१ मार्च २०२५. आणि ३० इस्फंद १४०४ टाकल्यावर ॲपने नकार द्यायला हवा, कारण ती तारीख खरोखरच नाही. चौथी परीक्षा लोक विसरतात. काही ॲप काहीही टाकलं तरी उत्तर देतात. मला बरोबर उत्तर देणारं ते दुसरं ॲप इथेच नापास झालं. ४० इस्फंदचीसुद्धा त्याने आनंदाने तारीख काढून दिली.

शेवटी मी मुलीचा वाढदिवस इंग्रजी कॅलेंडरवर २० मार्चला लावून टाकला. मित्राला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, दिवस मोज. मोजले. २०२६ आणि २०२७ साली २० मार्चला २९ इस्फंद, म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस. इथवर ठीक. २०२८ साली २० मार्चलाच नवरोज. २०२९ साली संपात तेहरानच्या साडेअकराच्या सुमारास, बाराला अर्धा तास कमी असताना, म्हणून पुन्हा २० मार्चलाच नवरोज. या दोन्ही वर्षी माझा फोन वाजेल तेव्हा तिकडे सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं असेल आणि वाढदिवस आदल्या दिवशीच उरकलेला असेल. तिची खरी तारीख, ३० इस्फंद, परत येणार १४०८ साली, २० मार्च २०३०ला. एरवी चार वर्षांनी येणारी तारीख नेमकी तिच्या वाट्याला पाच वर्षांनी आली आहे.

मी आता तिच्यासाठी दोन गजर लावले आहेत.